प्रसादाचा चहा

उज्जैनमधल्या माझ्या घरापासून देवास गेटपर्यंत चालत निघालं तर वाटेत चहाच्या टपऱ्याच टपऱ्या आहेत. एवढ्या चहाच्या गावात माझ्या आईला कपभर चहासाठी यात्रेकरू व्हावं लागलं. नवऱ्याला यातलं अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं आठवलं की भर वर्गात माझे कान तापतात आणि पोरांना वाटतं, मॅडम आपल्यावर चिडल्या.

आई अमरावतीची. वडील गेल्यावर तिथं एकटीच राहत होती. एक दिवस न्हाणीघराबाहेरच्या पायपुसण्यावरून घसरली, हात टेकायला गेली आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हाडं पार ठिसूळ झालीत, आता पडू देऊ नका, पुढच्या वेळी खुबा जाईल. खुबा या शब्दानं माझी झोप उडाली. आमच्या एका आत्याचा खुबा मोडला होता. ती खाटेवर पडली ती पुन्हा उठलीच नाही. मला भाऊ नाही. प्लास्टर निघाल्याबरोबर मी आईला उज्जैनला घेऊन आले.

ती यायला तयार नव्हती. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यावं असं मानणाऱ्या पिढीतली ती. मी म्हटलं, "आई, हे तुझंच घर आहे." बोलायला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

पहिले काही महिने छान गेले. आमच्या घरातलं मराठी ऐकून तिची फुकट करमणूक व्हायची. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथले. कुठल्यातरी खापरपणजोबांनी दरबारात कारकुनी केली होती, तेवढ्यावर अजून मान ताठ. त्यांचं मराठी म्हणजे पोह्यांवर शेव भुरभुरावी तशी वरून हिंदी भुरभुरलेलं. नवरा म्हणाला, "आई, तुम्ही आराम करून घ्या, सब्जी मी घेऊन येतो," की ती पदराआड हसायची. आणि चहा प्यायची. उठल्यावर, पूजा झाल्यावर, दुपारी जरा लवंडून उठल्यावर, कुणी आलं म्हणून, कुणीच आलं नाही म्हणून. बशीत ओतून, फुंकर घालून, डोळे मिटून. मी टोकलं की म्हणायची, "चहाला वेळ नसते गं, पण वेळेला चहा लागतो."

मी शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा मूर्खपणा अडाणीपणातून झाला असं कुणी म्हणायला नको.

आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला. चहा हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतो, हाडं आतून पोखरतो, वगैरे. खाली लाल अक्षरांत 'सावधान'. असले मेसेज मी एरवी वाचतसुद्धा नाही, उलट पाठवणारीला दोन शब्द सुनावते. पण धास्तावलेल्या माणसाला पुरावा लागत नाही, गुन्हेगार लागतो. मला तो मिळाला, आणि तो माझ्याच ओट्यावर रोज उकळत होता.

त्याच संध्याकाळी मी पर्समधून शाळेचा खडू काढला आणि आईच्या डोळ्यांदेखत कपभर गार चहात टाकला. सकाळी खडूचा चिखल झाला होता. "बघ," मी म्हटलं, "हे तुझं हाड." आई कपात बघत राहिली. नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "साध्या पाण्यात टाकला असता तरी हेच झालं असतं ना." मी त्याच्याकडे असं बघितलं की पेपर आणखी वर गेला. बरोबर बोलत होता तो. सातवीच्या पोरालासुद्धा मी विचारलं असतं, तुलनेसाठी दुसरा कप कुठं आहे?

मग चहा दोन वेळांवर आला, मग सकाळच्या एकावर, मग तोही बंद झाला. चहाचा डबा मी वरच्या फळीवर ठेवला. तिथवर तिचा हात पोचत नव्हता आणि स्टुलावर चढायची तिला सक्त मनाई होती, अर्थात खुब्यासाठी. चहाच्या जागी नाचणीचं सत्त्व आलं. इंदूरहून मागवायचे मी, दुधात शिजवून वेलची घालून द्यायचे. एरंडेल प्यावं तसं तोंड करून ती ते संपवायची, पेला विसळून पालथा घालायची. तक्रार काही करायची नाही. अमरावतीच्या घरात ती भांडायचीच, अगदी भांडी आपटून. माणूस आपल्या घरात भांडतो. हे मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, तिला पटलं.

आणि आम्ही दोघं? आम्ही काही चहा सोडला नव्हता. तिच्यासमोर प्यायला नको, तिला उगाच इच्छा होईल, म्हणून शाळेतून आल्यावर मी चहा करायचे आणि दोन कप ट्रेमध्ये ठेवून आमच्या खोलीत न्यायचे. दार लोटून घ्यायचे. नवरा पलंगाच्या कडेवर बसून, शिक्षा झालेल्या पोरासारखा प्यायचा. "अगं, देऊन दे ना त्यांनाही एक कप," तो म्हणायचा. "बुजुर्ग माणूस आहे, का बरं परेशान करतेस?"

"पडली तर तुम्ही उचलणार आहात?" मी म्हणायचे, आणि बिस्कीट बुडवायचे.

एकदा कप घेऊन बाहेर आले तर आई सोफ्यावर वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्याकडचं आलं चांगलं आहे हं. वास केवढा सुटतो." मी म्हटलं, "हो, इथं चांगलं मिळतं." एवढंच. लाज वाटायला ती वेळ पुरेशी होती. पण मी काही लाजेबिजेच्या भानगडीत पडले नाही, कप विसळले आणि वह्या तपासायला बसले.

पुढं श्रावण आला. इथं तो दोनदा येतो. हिंदीवाल्यांचा पंधरा दिवस आधी सुरू होतो, आमचा नंतर. आईनं जाहीर केलं की महाकालाच्या गावात राहून निवडानिवड बरी नव्हे, ती दोन्ही श्रावण पाळणार, आणि रोज सकाळी देवास गेटकडच्या महादेवाला चालत जाणार. मी आधी घाबरले. मग तिला चांगल्या पकडीचे बूट घेऊन दिले, रस्त्याच्या कडेनं चालायच्या सूचना दिल्या आणि सोडलं. ती सकाळची उन्हात निघायची ती तासा-दीड तासानं परत यायची. आठवडाभरात तिचा चेहरा उजळला. चाल सुधारली. जिना उतरताना कठडा धरायची, तो हलकेच धरायला लागली. दुपारी नवऱ्याशी पुन्हा चेष्टामस्करी सुरू झाली.

मी शाळेत स्टाफरूममध्ये सांगत सुटले. चहा बंद केला, नाचणी सुरू केली, बघा फरक! दोघीतिघींनी सत्त्वाची कृती लिहून घेतली. हे आठवलं की वाटतं, त्या कागदांसकट मला कुणी गाडून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

श्रावणात सोमवारी महाकालाच्या सवारीसाठी, म्हणजे पालखीसाठी, गाव भरून जातं, म्हणून इथं शाळांना रविवारऐवजी सोमवारी सुट्टी असते. अशाच एका सोमवारी आमच्या शाळेतली हिंदीची शिक्षिका माहेरी निघाली होती. तिला बस स्टँडवर सोडायला मी स्कूटी काढली. आमच्याकडे बायका गाडीवर बसल्या की स्टोलनं डोकं-तोंड सगळं गुंडाळून घेतात, नुसते डोळे उघडे. ऊन असो नसो, धूळ असो नसो. मीही तशीच.

देवास गेटजवळ एक सेवेचा पंडाल लागला होता. श्रावणभर असे पंडाल लागतात, बाहेरगावच्या भाविकांना फुकट चहा, खिचडी, केळी. भोंग्यावर भजन, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि भट्टीवर न्हाणीच्या बंबाएवढा चहाचा भगोना. बसला वेळ होता. मैत्रीण म्हणाली, "चलो दीदी, प्रसाद की चाय पीते हैं." मी गाडी कडेला लावली. गाडीवरून उतरले आणि पाहिलं, तर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर माझी आई बसली होती.

कागदी कप दोन्ही हातांत धरून. बशी नव्हती म्हणून फुंकर कपातच घालत होती. डोळे मिटलेले. किती तरी महिन्यांनी मी तिचा तो चेहरा पाहत होते.

गळ्यात गमछा घातलेला एक गृहस्थ किटली घेऊन फिरत होता. "माँजी को और दो," तो स्वतःशीच मोठ्यांदा म्हणाला आणि तिच्यापाशी आला. "माँजी अमरावती से पधारी हैं, महाराष्ट्र से! और लो माँजी, शरमाओ मती."

"हौ बेटा, दो," आई म्हणाली आणि कप पुढं केला. "अद्रक अच्छा डाला आज."

म्हणजे काल कमी होतं. म्हणजे काल आली होती, परवाही आली होती. माझ्या डोक्यात हे जुळत होतं तेवढ्यात मैत्रीण माझ्या कानाशी कुजबुजली, "देखो बेचारी को. इस उमर में अकेली निकली है. कैसे बच्चे होते हैं लोगों के!"

मी नुसतं "हूँ" म्हटलं. मी म्हणायला हवं होतं, ही माझी आई आहे. चार शब्द. पण मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, स्टाफरूममधल्या नाचणीपासून. मी स्टोल सोडला नाही. उलट नाकावर जरा घसरला होता तो वर ओढून घेतला.

त्याच वेळी आईनं डोळे उघडले. आईला लेक ओळखायला तोंड लागत नाही. तिनं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, माझ्या स्टोलकडे पाहिलं, माझ्या शेजारच्या मैत्रिणीकडे पाहिलं. मला वाटलं आता हाक मारेल. भीती वाटली मला, आईनं हाक मारण्याची भीती.

गमछेवाले विचारत होते, "माँजी, साथ में कोई नहीं आया?"

आईनं माझ्यावरची नजर काढली. "कोई नहीं बेटा," ती म्हणाली, "मैं अकेलीच आई."

मी मैत्रिणीला म्हटलं, बस सुटेल, चल. चहा न पिताच आम्ही निघालो. तिला बसमध्ये बसवलं, हात हलवला आणि घरी आले. रस्ता आठवत नाही.

आई आली तेव्हा मी दारातच उभी होते. आता कुणाला वाटेल की मी तिच्या पायाशी बसून माफी मागितली असेल. माझा स्वभाव तसा नाही. मला लाज वाटली की आधी राग येतो. मी ओरडले. "आमच्या घरी काय खायला मिळत नाही तुला? लोकांत बसून भीक मागितल्यासारखा चहा? कुणी ओळखलं असतं तर?"

आईनं चपलांच्या स्टँडपाशी वाकून सावकाश बूट काढले. मी घेऊन दिलेले. "भीक काहून? प्रसाद आहे तो," ती म्हणाली. "टपरीवर उभी राहिले असते तर तू बोल. जावयाच्या गावात सासूनं टपरीवर चहा प्यायचा, बरं दिसतं का ते? त्याची काय अब्रू राहील? मी ती अब्रू सांभाळली."

"आणि अमरावतीहून आले म्हणून खोटं सांगितलंस!"

"तिथं पाटी आहे, यात्रेकरूंसाठी म्हणून. गावातल्यानं कसा घ्यायचा? म्हणून सांगितलं." मग म्हणाली, "खोटं तरी काय आहे त्यात? अमरावतीहूनच आले ना मी."

खरं तर तिनं इथंच थांबायला हरकत नव्हती. पण बूट स्टँडवर नीट जोडीनं ठेवून ती म्हणाली, "आणि ओळखलं असतं तर म्हणतेस, ते कुणाला गं? मी तर उघड्या तोंडानं चहा पीत होते. तोंड तू बांधलं होतंस."

ती आत गेली. दुपारी जेवायला बसली तेव्हा माझ्याशी नेहमीसारखं बोलली, आमटीत गूळ जास्त झाला म्हणाली. मी ताटातला भात नुसता चिवडत होते. नवरा विचारत होता काय झालं. मी म्हटलं, ऊन लागलं.

नवऱ्याला मी रात्री एवढंच सांगितलं की आई पंडालात चहा प्यायली. तो हसला. तोंड बांधल्याचं सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात फ्रीगंजमध्ये हाडांच्या डॉक्टरांकडे तिची नेहमीची तपासणी होती. डॉक्टरांनी तिला उभं केलं, चालवलं, एका पायावर तोल सांभाळायला लावला आणि खूश झाले. विचारलं, चालता का? आई म्हणाली, रोज देवास गेटपर्यंत, जाऊन-येऊन. "बस, यही चाहिए," डॉक्टर म्हणाले. "चलना, और सुबह की धूप. और चाय कितनी पीती हैं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "चाय तो छोड़ दी मैंने," ती म्हणाली. अगदी सहज. दुसऱ्यांदा ती मला झाकत होती. पहिल्यांदा तरी मी तोंड झाकलेलं होतं, आता तर उघडीच बसले होते.

मी म्हटलं, "छोड़ी नहीं है डॉक्टर साहब. घर में मैं नहीं देती, इसलिए ये बाहर जाकर पीती हैं. पंडाल में."

खोलीत पुढच्या नंबरचे दोन पेशंट बसले होते, त्यांनी मान वळवून मला पाहिलं. डॉक्टर आधी हसले, मग माझा चेहरा पाहून थांबले. चहानं हाडं विरघळत नाहीत, ते म्हणाले. दोन-तीन कप खुशाल घेऊ द्या, दूध घालून. फक्त कॅल्शियमची गोळी चहाबरोबर देऊ नका, मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. मग मला विचारलं, "आप तो साइंस टीचर हैं ना?" त्यांचा टोमणा नव्हता, फाइलवर लिहिलेलं होतं म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

परत येताना ऑटोत आई बाहेर बघत होती. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं." ती म्हणाली, "चालायचंच. माझ्या खुब्याच्या काळजीनंच केलंस ना." मला ती रागावायला हवी होती. अमरावतीत असती तर म्हणाली असती, हो चुकलंच, शंभरदा चुकलं, आणि वर दोन दिवस अबोला धरला असता. तिनं मला लगेच माफ करून टाकलं, पाहुणे करतात तसं.

डबा मी खालच्या फळीवर आणून ठेवला. आता चहा सगळ्यांचा एकत्र होतो आणि बाहेरच्या टेबलावरच होतो. सकाळी मी तिच्यासाठी कपाबरोबर बशी मांडते, आलं ठेचून घालते, दूध जास्त घालते. ती बशीत ओतते, फुंकर घालते. छान झालाय म्हणते. नवऱ्याला दुसरा कप हवा असला की तो बोलत बोलत पातेलं ओढतो आणि ओततो, सांडलं तर सांडलं. आई तसं करत नाही. तिचा कप रिकामा झालेला असतो, पातेल्यात चहा दिसत असतो, चिमटा तिच्याच हाताशी असतो, आणि ती बसून राहते. मी म्हणते, "घे ना आई, आहे अजून." ती पातेल्याकडे बघत नाही. माझ्या तोंडाकडे बघते, आणि विचारते, "घेतला तर चालेल ना गं तुला?"